परत आलेले रामशास्त्री

साताऱ्याच्या पूर्वेला दीड कोसावर कृष्णा आणि वेण्णा एकमेकींना भेटतात. या संगमाच्या दोन्ही अंगांना माहुली वसली आहे. एक क्षेत्र माहुली, दुसरी संगम माहुली. काळ्या दगडाचे घाट, महादेवाची देवळे आणि छत्रपतींच्या घराण्यातील समाध्या यांनी तो परिसर भारून गेलेला आहे. या माहुलीच्या प्रभुणे घराण्यात १७२० च्या सुमारास एक मुलगा जन्मास आला. पुढे तो पेशवाईचा मुख्य न्यायाधीश झाला. महाराष्ट्रात न्यायाचे नाव निघाले की आजही पहिले नाव ओठांवर येते ते त्याचेच, रामशास्त्र्यांचे.

त्यांच्या बालपणाची हकीकत आख्यायिकांनी वेढलेली आहे. साताऱ्याच्या अनगळ सावकाराकडे हा मुलगा पडेल ते काम करी. एकदा धन्याच्या अंगावरील मोती पाहून त्याचे भान हरपले, तेव्हा धन्याने त्याला टोचून सांगितले की, मोती मिळवायचे तर पराक्रम तरी हवा नाही तर विद्या तरी हवी. तो शब्द जिव्हारी लागला आणि पोर काशीला गेले, असे सांगतात. गोष्टीतला तपशील कसाही असो, वय उलटून गेल्यावर अक्षरे गिरवायला बसलेला हा माणूस काशीहून धर्मशास्त्राचा पंडित होऊन परतला, एवढे खरे. तोवर साताऱ्याचे दिवसही पालटले होते. १७४९ साली शाहू छत्रपती निवर्तले आणि राज्याचा कारभार पुण्याकडे सरकला. १७५१ साली रामशास्त्री पुण्यात पेशव्यांच्या पदरच्या शास्त्रीमंडळींत दाखल झाले आणि १७५९ साली मुख्य न्यायाधीश झाले.

येथून पुढची कथा शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. पत्रातल्या ‘ध’चा ‘मा’ झाल्याची वदंता घरोघर पसरली. पेशवेपदावर चुलता रघुनाथराव बसला. रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि दोषाचा धागा थेट गादीपर्यंत नेऊन भिडवला. पुतण्याला धरण्याचा हुकूम आपण दिला होता, असे रघुनाथरावाने कबूल केले; मारण्याचा दिला नव्हता, असे त्याचे म्हणणे. याला प्रायश्चित्त काय, असे त्याने विचारले. शास्त्रीबुवांनी उत्तर दिले : देहान्त. आणि तुमच्या हाती कारभार आहे तोवर या पुण्यात पाऊल टाकणार नाही, असे सांगून ते वाईजवळच्या पांडववाडीस निघून गेले.

पडदा पडतो तो बहुधा येथेच. हा पडदा पाडण्यात आमच्या सांगलीचा हात मोठा आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. त्यांचे ‘भाऊबंदकी’ नाटक १९०९ साली रंगभूमीवर आले. ते वर्ष ध्यानात घेतले पाहिजे. आदल्याच वर्षी मुंबईच्या न्यायालयाने लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली होती आणि खाडिलकर हे तर ‘केसरी’त टिळकांचे सहकारी. सत्ताधाऱ्याच्या तोंडावर त्याचा अपराध सांगणारा न्यायाधीश प्रेक्षकांनी पाहिला, तेव्हा त्यांच्या मनात कोणता खटला घोळत असेल, हे सांगायला नको. पुढे १९४४ साली ‘प्रभात’ने ‘रामशास्त्री’ बोलपट काढला आणि गजानन जागीरदारांच्या रूपाने तीच करारी मूर्ती गावोगाव पोहोचली. परक्या राज्यात महाराष्ट्राला जो रामशास्त्री हवा होता, तो असा वाड्यातून ताठ मानेने बाहेर पडणारा होता.

पण इतिहासातले रामशास्त्री परत आले. लोकांच्या स्मरणातून नेमकी हीच गोष्ट निसटली आहे, आणि मला ती निघून जाण्याइतकीच मोलाची वाटते.

त्यांची प्रतिज्ञा नीट वाचावी. तीत वैराग्य नाही की संतापही नाही. निवाड्याला शोभेल अशी तिला अट आहे : रघुनाथरावाच्या हाती सत्ता असेतोवर. १७७४ साली पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, बारभाईंनी त्यांच्या नावाने कारभार हाती घेतला आणि रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला धावला. अट संपली. बारभाईंच्या राज्यात बोलावणे आले तेव्हा शास्त्रीबुवा पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसले. पांडववाडीत राहून पुण्यपुरुष म्हणवून घेणे काही अवघड नव्हते. दर्शनाला माणसे आली असती, नाव अधिकच उजळले असते; पण पुण्याच्या न्यायसभेत दप्तरे तशीच पडून राहिली असती.

ही दप्तरे कशाची असत? राजहत्येचा खटला शतकातून एखादा. रोजचे काम म्हणजे वतनाची भांडणे, दत्तकाचे वाद, भावाभावांच्या वाटण्या, शेताचे बांध आणि कर्जाची खते. गावात पाटील आणि गोतसभा निवाडा करीत, त्यांच्यावर मामलेदार, आणि तेथेही समाधान झाले नाही तर फिर्यादी पुण्याची वाट धरी. वादी-प्रतिवादींकडून जामीन घेत, त्यांच्या तक्रारी लिहून घेत, जुनी कागदपत्रे पाहत, साक्षी घेत आणि मग निवाडपत्र होई. जिंकणाऱ्याने हरकी द्यायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. ही व्यवस्था निर्दोष होती असे कोणी म्हणू नये. धर्मशास्त्राच्या त्या न्यायात जातीजातींना वेगळे माप होते आणि कुणबिणी-बटकींची खरेदी-विक्री राजरोस चाले. पण आहे त्या चौकटीत दोन्ही बाजू ऐकून घेणे, लाच न घेणे आणि बडा माणूस पाहून माप न बदलणे, एवढे रामशास्त्र्यांनी मधला काळ वगळता तीस वर्षे केले. दुसऱ्या दिवसाचा शिधासुद्धा घरात ठेवायचा नाही, असा त्यांचा नेम होता. साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनेही १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात याची आदराने नोंद केली आहे.

त्याच डफने थोरल्या माधवरावांची एक हकीकत दिली आहे. तरुण पेशवे जपजाप्यात तासन् तास गढून राहू लागले आणि राज्याची कामे खोळंबली. शास्त्रीबुवांनी काशीला जाण्याची रजा मागितली. ब्राह्मणाचे आचरण करायचे तर गादी सोडावी. गादीवर बसायचे तर रयतेचे काम हेच अनुष्ठान समजावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पेशव्यांनी ते मानले. म्हणजे निघून जाण्याची तयारी शास्त्रीबुवांनी १७७३ च्या आधीही दाखवली होती आणि तेव्हाही ती धन्याला कामावर परत आणण्यासाठीच होती. दुसऱ्याला जो धडा दिला, तोच त्यांनी पुढे स्वतःला लावून घेतला.

रघुनाथरावाला सांगितलेले प्रायश्चित्त कधीच अमलात आले नाही. कटातल्या काही गारद्यांना बारभाईंनी देहान्त शासन दिले. रघुनाथराव मात्र १७८३ साली आपल्या मरणाने मेला. न्यायाधीशाच्या हाती शब्दाखेरीज काही नसते. तो शब्द उच्चारून जिवंत घरी जाता येणे हेसुद्धा राज्याच्या सभ्यतेचे लक्षण आहे, हे आपण विसरतो. आफ्रिकेतील युगांडात १९७२ च्या सप्टेंबरात सरन्यायाधीश बेनेडिक्टो किवानुका यांना इदी अमीनच्या सैनिकांनी भर न्यायालयातून ओढून नेले. आदल्या वर्षी त्यांना त्या पदावर बसवले होते ते अमीननेच. किवानुका परत आले नाहीत. त्यांची हत्या झाली. पांडववाडीची वाट रामशास्त्र्यांसाठी मोकळी राहिली आणि तीवरून परत येणेही शक्य झाले. हे त्यांच्या धैर्याइतकेच त्यांच्या लौकिकाचेही फळ होते.

२५ ऑक्टोबर १७८९ रोजी रामशास्त्री वारले. दोनच वर्षांनी, १७९१ साली, पुण्यात घाशीराम कोतवालाचे प्रकरण झाले. कोतवालाने कोंडून ठेवलेल्या तैलंगी ब्राह्मणांपैकी कित्येक गुदमरून मेले. ब्राह्मणांचा जमाव सरकारच्या दाराशी गोळा झाला आणि अखेर कोतवालाला त्याच्या हवाली करण्यात आले. जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. कोतवालाचा अपराध घोर होता. परंतु शिक्षा दगडांनी द्यायची वेळ आली, हा त्याहून घोर अनर्थ होता. १७९६ साली गादीवर आला तो रघुनाथरावाचाच मुलगा, दुसरा बाजीराव. त्याच्या अमदानीत न्यायाची काय दशा झाली, ते सर्वश्रुत आहे. एका माणसाच्या नेकीवर उभी राहिलेली न्यायसभा त्या माणसामागे किती दिवस टिकणार?

म्हणून ‘भाऊबंदकी’तला तो प्रवेश पाहताना अंगावर काटा येतो, तो अवश्य यावा. पण त्याच्या पुढचा, कोणी न लिहिलेला प्रवेशही वाचकांनी मनाशी रचून पाहावा. पांडववाडीहून आलेला एक उतारवयाचा शास्त्री सकाळी न्यायसभेत येऊन बसतो. समोर कोणी राघोबा नसतो. कुठल्याशा गावचे दोन भाऊ एका बांधावरून भांडत आलेले असतात, आणि शास्त्रीबुवा म्हणतात, आधी धाकट्याचे म्हणणे लिहून घ्या.