चौक सरकतो तेव्हा...

परतवाडा कशावर जगतं असं कुणी विचारलं, तर लोक सागवान सांगतील, संत्रा सांगतील, कपाशी सांगतील. मला विचाराल तर मी म्हणेन, चौकावर! अमरावतीचा रस्ता, अकोट-अंजनगावचा, बैतूलचा, धारणीवरून बऱ्हाणपूर-इंदूरकडे जाणारा, शिवाय चिखलदऱ्याचा. सातपुड्याच्या पायथ्याशी हे सगळे एकमेकांना भेटतात आणि मग आपापल्या वाटेनं जातात. त्या भेटण्यातूनच हे गाव उभं राहिलंय.

हल्ली घरी फोन केला की पाऊसपाण्याच्या आधी रस्त्याचा विषय निघतो. दुभाजक कुठवर येणार, कुठला कट बंद होणार, बायपास झाला तर दुकानदारीचं काय, नाही झाला तर ट्रकचं काय. आमची मोठी आई परवा म्हणाली, "रस्ता मोठा करून रायले म्हन्तेत, पन मले पलीकडच्या देवळात जायले किती येळ लागन, थे कोनी इचारलं का?" तेव्हापासून डोक्यात हाच प्रश्न घोळतोय. म्हटलं, जरा मागं वळून पाहावं.

आपल्या भागात रस्ता आधी कुणासाठी झाला? पुष्कळदा फौजेसाठी. १२९६ मध्ये देवगिरीवर चालून जाणारा अल्लाउद्दीन खिलजी एलिचपुरावरूनच गेला. (एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर, हे बाहेरच्या मंडळींसाठी.) १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेनं गाविलगड घेतला, त्याआधी तिचा मुक्काम एलिचपुरातच होता. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीला अवजड तोफा डोंगरातून हातांनी ओढत न्याव्या लागल्या आणि त्यासाठी आधी रस्ताही स्वतःच करावा लागला. १५ डिसेंबरला गड पडला.

पुढे १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, तो हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चापोटी. त्या फौजेची एक छावणी अचलपूरपासून थोडी दूर होती. तेच आपलं परतवाडा! पोस्टाच्या पत्त्यात आजही 'अचलपूर कॅम्प' लिहितात ते त्यामुळेच. म्हणजे बघा, एका जुन्या राजधानीच्या शेजारी छावणी आली आणि हळूहळू रस्त्यांचा सांधा जुन्या गावातून नव्या गावाकडे सरकला. चौक सरकण्याची आपल्याकडची ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट रेल्वेची. १८६० च्या दशकात भुसावळहून नागपूरकडे जाणारी लाइन टाकली गेली ती अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी, सपाट मैदानातून. १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. अचलपूर उत्तरेला बाजूलाच राहिलं. कापूस काही पिकायचा थांबला नाही, फक्त गाड्यांची तोंडं अमरावतीकडे वळली. पुढे १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हाच मोडून अमरावतीत सामील केला गेला. नुसत्या रेल्वेमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, पण रूळ वेशीपाशी आले असते तर चित्र थोडं वेगळं दिसलं असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत छोटी लाइन आली, आपली शकुंतला! तीही आता बंद पडली आहे.

या दोन्ही गोष्टींत मला एकच सूत्र दिसतं. रहदारी नाहीशी होत नाही, ती वाट बदलते. मालाची रहदारी बदलली की बाजार बदलतो. रोजची रहदारी बदलली की गल्ली बदलते. चौकातला एक कट बंद केला की तिथून वळणारी मोटारसायकल हवेत विरत नाही. ती उलट्या दिशेनं येते, नाहीतर जिथं पोरं क्रिकेट खेळतात त्या बोळात शिरते. नकाशावर चौक मोकळा दिसतो, आणि त्याची किंमत मागच्या गल्लीतले लोक मोजतात.

आता बैतूल-परतवाडा-अकोट-खामगाव हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५४८ सी मध्ये आहे. महामार्ग म्हटला की हिशेब लांबच्या गाड्यांचा होतो: वेग किती, वेळ किती वाचला. तोही हिशेब खरा आहे. बैतूलहून निघालेल्या ट्रकवाल्याला आमच्या जयस्तंभ चौकात ताटकळायची हौस थोडीच आहे? पण रस्ता आडवा ओलांडणाऱ्यांचा हिशेब कोण ठेवतं?

हे फक्त लहान गावांचं दुखणं नाही. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला तिथल्या नव्या उड्डाणपुलाचं उद्घाटन झालं. गाड्या सुसाट निघाल्या. आणि पायी चालणारे विचारू लागले, आम्ही पलीकडे जायचं कुठून? पादचारी पुलाची चर्चा नंतर रंगली. एवढ्या मोठ्या शहरात असं होतं, तर परतवाड्यात मोठ्या आईला कोण विचारणार?

मी रस्त्याच्या विरोधात नाही. रस्ता नसता तर परतवाडाच नसतं! माझं म्हणणं एवढंच, की काम सुरू होण्याआधी गाड्यांबरोबर माणसंही मोजा. शाळा सुटायच्या वेळी, बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी देवळात जायच्या वेळी. कट बंद केला तर वाहनं कुठल्या गल्लीत शिरतील, ते त्या गल्लीतल्या लोकांना आधी विचारा. त्यांना ते कागदाशिवाय पाठ असतं.

तोफांसाठी रस्ता झाला तेव्हा विचारायची सोय नव्हती. रूळ टाकले तेव्हाही नव्हती. आता नगरपरिषद आहे, ग्रामसभा आहेत, हरकती नोंदवायची मुदत असते. गावाकडच्या मंडळींनो, ती मुदत तेवढी चुकवू नका. हरकतीच्या अर्जात मोठ्या आईचं देऊळ नक्की लिहा.