पिंजऱ्यातली रिकामी जागा

विजयालक्ष्मी ही सुरतेकडील एक तरुण ब्राह्मण विधवा. लोकलज्जेच्या भयाने तिने आपले नवजात मूल मारले, म्हणून १८८१ साली न्यायालयाने तिला फाशी सांगितली. अपिलात जन्मठेपेचे काळे पाणी झाले आणि पुढे शिक्षा पाच वर्षांवर आली. न्याय अखेर द्रवला, असे कोणी म्हणेल. पण मुळात आरोपीच्या पिंजऱ्यात ती एकटीच का?

बालहत्येचा जाब कायद्याने विचारावा, हे रास्तच. परंतु १८५६ च्या कायद्याने दिलेली पुनर्विवाहाची मुभा रूढीने नाकारली होती. मुलाचा बाप कायद्याच्या लेखी निरपराध, समाजाच्या लेखी अदृश्य! अनीतीचा डाग लागला तो बायकांच्या जातीला.

या अन्यायाचा हिशेब बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून मागितला. स्त्रीच्या माथी मारलेले दोष पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा रोकडा सवाल. पुस्तकावर टीका झाली, तेव्हा १८८५ साली ‘सत्सार’मधून जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले.

फुले दांपत्याने तर १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. विधवेने तेथे गुपचूप बाळंत व्हावे, हवे तर मूल ठेवून जावे. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.

फासाने जे साधले नसते, ते एका पाळण्याने साधले. पिंजऱ्यातली दुसरी जागा मात्र रिकामीच राहिली.