मावळातील फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू : नोंदीचा इतिहास आणि स्थानिक तुलनेच्या मर्यादा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या धारेला लागून पसरलेल्या मावळ तालुक्याविषयी दोन परस्परविरुद्ध समजुती रूढ आहेत. लोणावळे आणि खंडाळे ही हवापालटाची ठिकाणे असल्यामुळे येथे छातीचे विकार कमी, ही पहिली. मुंबई-पुणे मार्गावरील वाहनांचा धूर आणि तळेगावच्या बाजूचे कारखाने यांमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू येथे वाढत आहेत, ही दुसरी. दोन्ही विधानांत स्थानिक तुलना अभिप्रेत आहे. आणि तुलना म्हटली म्हणजे मृत्यूंची मोजणी आलीच. ही मोजणी कोणी केली, कोठे केली आणि कोणत्या रकान्यात केली, याचा विचार न करता त्यांपैकी कोणतेही विधान स्वीकारणे अथवा खोडणे शक्य नाही. प्रस्तुत लेखात त्या मोजणीच्या इतिहासाचा परामर्श घेण्याचे योजिले आहे.

मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालांत जिल्हावार मृत्यूंचे तक्ते दिले जात. त्यांचा पाया गावकामगारांच्या नोंदी हा होता. देवी, पटकी, ताप, हगवण व अतिसार, श्वसनविकार, अपघात आणि ‘इतर सर्व कारणे’ असे त्यांतील ठळक रकाने. १८९६ च्या साथीनंतर प्लेग हाही महत्त्वाचा रकाना झाला. गावातील माणूस कशाने मेला हे ठरविणारा वैद्य नसे. घरच्यांनी जे सांगितले ते पाटील-कुलकर्ण्यांनी लिहिले, आणि जे लिहिले ते रकान्यांच्या चौकटीत बसविले गेले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे बळीदेखील मोठ्या प्रमाणावर ‘ताप’ या सदरात जमा झाले, हे या पद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण होय. जेथे एवढी मोठी साथ स्वतःच्या नावाने नोंदली गेली नाही, तेथे खोकला, रक्ताची गुळणी आणि अंग वाळत जाणे या लक्षणांनी मरणाऱ्या रोग्याची नोंद ‘श्वसनविकार’ किंवा ‘इतर’ याखेरीज कोठे होणार? त्या काळच्या तक्त्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाला रकानाच नव्हता. रकाना नसणे यावरून रोग नसणे हा निष्कर्ष काढणे म्हणजे साधनाच्या मर्यादेलाच इतिहास समजणे होय.

रोगाचे नाव ठाऊक झाल्यावरही अडचण संपली नाही. क्षय आणि फुप्फुसाचा कर्करोग यांची लक्षणे पुष्कळ अंशी सारखी असतात. क्षयाने ग्रासलेल्या प्रदेशात छातीच्या चित्रात सावली दिसली की प्रथम क्षयाचाच विचार होतो, आणि क्षयावरील औषधे सुरू होऊन काही महिने निघून जातात. पुष्कळदा रोग्याचा अंत त्याच अवधीत होतो. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि तेथील विकृतिशास्त्रीय कार्याला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारख्या संशोधकाचे नेतृत्व लाभले. परंतु ऊतीची तपासणी होऊन निदान पक्के होण्याची सोय ही दीर्घकाळ मोठ्या शहरांचीच सोय राहिली.

स्वातंत्र्यानंतरची महत्त्वाची घटना म्हणजे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा. त्यान्वये नोंदणी देशभर सक्तीची झाली, आणि रुग्णालयात झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४, तर घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ अशी वैद्यकीय प्रमाणपत्रांची व्यवस्था पुढे रूढ झाली. तथापि घरी मरणाऱ्याजवळ अखेरच्या आजारात डॉक्टर असेल तरच दुसऱ्या नमुन्याचा उपयोग. पवन, आंदर आणि नाणे या मावळांतील दूरच्या वाड्यांवर ही अट पुरी होणे सोपे नव्हते. ग्रामीण नोंदीत ‘म्हातारपण’, ‘दमा’, ‘खोकला’ अशी कारणे सर्रास आढळतात. ती खोटी नसतात. फक्त त्यांच्यावरून रोग ओळखता येत नाही.

मृत्यूंच्या नोंदीची ही उणीव भरून काढण्यासाठी कर्करोगाची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत स्थापन केलेली नोंदणी ही भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी. तिच्यामागे डॉ. दा. ज. जस्सावाला यांची दृष्टी होती. पुढे १९७३ मध्ये पुण्यातही अशी नोंदणी सुरू झाली, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ च्या अखेरीस राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम हाती घेतला. आता नकाशा पाहावा. मुंबईच्या नोंदणीचे क्षेत्र बृहन्मुंबई. पुण्याच्या नोंदणीचे क्षेत्र पुणे व पिंपरी-चिंचवड यांचा नागरी परिसर. दोहोंना जोडणारा लोहमार्ग, हमरस्ता आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग ज्या मावळातून जातात, तो मावळ मात्र दोन्ही क्षेत्रांच्या बाहेर राहिला. देशातील सर्वांत जुन्या नोंदणी-परंपरांपैकी दोन त्याच्या दोन्ही बाजूंना असूनही त्याचे स्वतःचे आकडे तयार झाले नाहीत.

ग्रामीण भागाविषयी अनुमान करताना अभ्यासक बहुधा बार्शीच्या नोंदणीकडे वळतात. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांत १९८७ मध्ये सुरू झालेली ही देशातील पहिली ग्रामीण नोंदणी. रोगी रुग्णालयात येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून, लक्षणांची माहिती देऊन रोगी शोधावेत, अशी तिची पद्धत. तेथे सर्व कर्करोग मिळून आढळणारे प्रमाण मुंबईच्या निम्म्याच्या आसपास भरले आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण तर मुंबईच्या मानाने फारच कमी आढळले. यावरून खेड्यात हा रोग विरळ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नातेवाइकांच्या निवेदनावरून मृत्यूचे कारण ठरविणाऱ्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष याशेजारी ठेवले पाहिजेत. तीनुसार २०१० मध्ये ३० ते ६९ या वयोगटात सर्व कर्करोगांचे वयोप्रमाणित मृत्युप्रमाण ग्रामीण पुरुषांत लाखामागे ९५.६ आणि नागरी पुरुषांत १०२.४ होते, स्त्रियांत ते अनुक्रमे ९६.६ आणि ९१.२ होते. म्हणजे रोगाच्या नोंदीत दिसणारे शहर-खेड्याचे मोठे अंतर मृत्यूच्या पाहणीत जवळजवळ नाहीसे होते. बार्शी हा एक विशिष्ट कोरडवाहू प्रदेश आहे आणि ती पाहणी संपूर्ण देशाची आहे, हे खरे. खेड्यातील रोगी उपचाराअभावी लवकर दगावतो, हेही खरे. तरीसुद्धा नोंदीतील कमी आकडा आणि वस्तुस्थितीतील कमी रोग या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढा बोध त्यातून होतोच.

मावळच्या बाबतीत याहून नाजूक प्रश्न स्थानाचा आहे. मृत्यूची नोंद तो जेथे घडतो तेथे होते. कार्ले किंवा कामशेतचा शेतकरी पुण्याच्या ससून रुग्णालयात मरण पावला, तर त्याची पहिली नोंद पुण्यात. मुंबईत आयुष्य घालवून निवृत्तीनंतर लोणावळ्याच्या बंगल्यात राहावयास आलेला गृहस्थ तेथेच वारला, तर त्याची नोंद लोणावळ्यात. राहत्या गावानुसार आकड्यांची फेरमांडणी केली नाही, तर मावळच्या खेड्यांचे प्रमाण कृत्रिम रीतीने घटते आणि लोणावळ्याचे वाढते. शिवाय निवृत्तांच्या वस्तीमुळे वृद्धांचे प्रमाण जेथे अधिक, तेथे कोणत्याही कर्करोगाचे ढोबळ मृत्युप्रमाण अधिकच दिसणार. म्हणून वयोप्रमाणित दराखेरीज दोन गावांची तुलना करू नये.

यात स्थलांतराची भर पडते. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईस जात आले आहेत. मुंबईचे डबेवाले बहुतांशी याच पट्ट्यातील. गिरण्यांत, गोदीत आणि हमालीतही या भागातील माणसे होती. तरुणपणी मुंबईच्या चाळीत राहिलेला, पाळी संपल्यावर विडी ओढणारा आणि म्हातारपणी गावी परतलेला माणूस मावळात मरतो. या रोगात कारण आणि मृत्यू यांच्यामध्ये वीस-तीस वर्षांचे अंतर असते. १९८२ च्या गिरणी संपानंतर जे कामगार गावी परतले, त्यांच्या फुप्फुसांचा इतिहास गिरणगावात घडला होता. त्यांच्या मृत्यूची नोंद मात्र गावची ग्रामपंचायत करणार. स्थानिक मृत्युप्रमाणात स्थानिक हवेचे प्रतिबिंब पाहणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

तंबाखूचा प्रश्नही स्थानिक तपशिलानेच उलगडतो. जस्सावाला आणि जैन यांनी १९७९ मध्ये मुंबईतील फुप्फुसाच्या कर्करोगाचा धर्म व धूम्रपान यांच्याशी असलेला संबंध तपासला. धार्मिक संस्कारामुळे धूम्रपानापासून दूर राहिलेल्या पारशी समाजात हा रोग कमी आढळला; आणि विडी ही सिगारेटहून सौम्य असल्याची समजूत निराधार ठरली. महाराष्ट्राच्या खेड्यात मात्र तंबाखू ओढण्यापेक्षा चुन्याबरोबर खाण्याची आणि स्त्रियांत मिस्री लावण्याची चाल अधिक. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. अशा समाजात तंबाखूचा आघात फुप्फुसापेक्षा तोंडावर अधिक दिसणे स्वाभाविक आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाचा कमी आकडा हा तंबाखूपासून मुक्ततेचा पुरावा ठरत नाही.

चुलीचा धूर हा दुसरा घटक. पश्चिम मावळात पावसाळा अतिशय जोराचा. चार महिने दारे-खिडक्या लावलेल्या घरात ओली लाकडे जळत असत. चीनच्या युन्नान प्रांतातील श्वानवेई तालुक्यात, १९७३-७५ च्या मृत्यु-पाहणीतून, धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतही या रोगाचे विलक्षण प्रमाण उघडकीस आले. त्याचे कारण धुराड्याविना जळणारा धूरकट दगडी कोळसा हे होते, आणि धुराडी बसविल्यानंतर धोका घटला. मावळात कोळसा नसून लाकूड आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही घरगुती कोळशाच्या धुरास निश्चित, तर लाकडाच्या धुरास संभाव्य कारण मानले आहे. म्हणून श्वानवेईचा निष्कर्ष येथे जसाचा तसा लावता येणार नाही. त्याची पद्धत मात्र अनुकरणीय आहे : लहान प्रदेशाचे आकडे स्त्री-पुरुष वेगळे करून पाहिले, म्हणूनच कारण सापडले. अमेरिकेत १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्करोग-मृत्यूंच्या नकाशासंग्रहामुळेही किनारपट्टीवरील जहाजबांधणीच्या कारखान्यांतील ॲस्बेस्टॉसकडे संशोधकांचे लक्ष वेधले, ते असेच.

स्त्री-पुरुष भेदाचे महत्त्व काळानुसार होणाऱ्या वाढीच्या संदर्भातही आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे नोंदलेले मृत्यू झपाट्याने वाढले, तेव्हा ही वाढ निदानसाधनांमुळे भासमान असल्याचे पुष्कळांचे मत होते. क्ष-किरण यंत्र स्त्री-पुरुषांत भेद करीत नाही. वाढ मात्र पुरुषांत कितीतरी अधिक होती. या युक्तिवादाने शंकेस उत्तर मिळाले, आणि १९५० मधील डॉल व हिल यांच्या संशोधनाने धूम्रपानाकडे बोट दाखविले. मावळात उद्या आकडे वाढलेले दिसले, तर हाच प्रश्न प्रथम विचारावा : वाढ दोहोंत सारखी आहे काय? सारखी असेल तर निदानाच्या सोयी वाढल्याचा संशय बळावतो; विषम असेल तर सवयी व व्यवसाय तपासावे लागतात.

अखेरीस संख्येचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या सुमारे ५७ हजार आणि तालुक्याची सुमारे पावणेचार लाख होती. केवळ गणितासाठी मृत्युप्रमाण लाखामागे ५ धरले, तर लोणावळ्यात वर्षाला सुमारे तीन मृत्यू अपेक्षित. एवढ्या लहान संख्येत एका वर्षी एकही मृत्यू नसणे आणि पुढील वर्षी सहा असणे हे निव्वळ योगायोगाने घडू शकते. संपूर्ण तालुक्यात अपेक्षित संख्या सुमारे १९. तीही ११ पासून २८ पर्यंत सहज हेलकावे घेईल. दहा वर्षांचे आकडे एकत्र केले म्हणजे संख्या १९० च्या आसपास जाते आणि मगच काही विश्वासाने बोलता येते. एका वर्षाच्या आकड्यावर उभारलेली ‘वाढ’ अभ्यासकाने मान्य करू नये.

मग अभ्यास अशक्य आहे काय? तसे नाही. २००० च्या सुमारास अमलात आलेल्या मृत्यु-नोंदणीच्या सुधारित नमुन्यात मृताचे राहते गाव, अखेरच्या आजारात मिळालेले वैद्यकीय साहाय्य, तसेच धूम्रपान व तंबाखू खाण्याची सवय किती वर्षे होती, हे प्रश्न समाविष्ट आहेत. ही माहिती सांख्यिकी भागातून शासनाच्या कार्यालयाकडे जाते. नातेवाइकांच्या हाती पडणाऱ्या दाखल्यावर कायद्यानेच मृत्यूचे कारण दाखविले जात नाही. खाजगी जीवनाच्या रक्षणासाठी ही तरतूद योग्यच आहे. परंतु नावे वगळून, दहा-दहा वर्षांचे गट करून, राहत्या गावानुसार, वय व लिंग वेगळे करून हे आकडे विद्यापीठीय अभ्यासकांना उपलब्ध झाले आणि त्यांना निवडक गावांतील नातेवाइकांच्या मुलाखतींची व स्थलांतराच्या वृत्तांताची जोड मिळाली, तर मावळचा पहिला विश्वसनीय तक्ता तयार होऊ शकेल. हे काम एकट्या वैद्यकाचे नाही. माणूस कोठे जन्मला, कोठे राबला आणि कोठे परतला, हे शोधणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

तोवर लोणावळ्याच्या निर्मळ हवेची ग्वाही आणि द्रुतगती मार्गावरील धुराचा आरोप ही दोन्ही अनुमाने म्हणूनच वापरावीत. जेथे रोगी मोजले जात नाहीत तेथे त्यांच्यासाठी तपासणीची आणि उपचाराची मागणीही मांडता येत नाही. ‘दमा’ अथवा ‘म्हातारपण’ एवढ्याच नोंदीखाली जी माणसे गेली, त्यांपैकी काहींना हा रोग असावा असे मानण्यास वरील विवेचनात पुरेसा आधार आहे. ती किती होती, हे सांगण्याचे उत्तरदायित्व आता अभ्यासकांवर आहे.