शून्य की ‘नोंद नाही’? ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ संशोधकाच्या नजरेतून

प्रयोगशाळेत एक फरक लवकर शिकवला जातो. पाण्याच्या नमुन्यात एखादा धातू ‘सापडला नाही’ असं यंत्राने दाखवलं, म्हणजे तो तिथे नाहीच असं सिद्ध होत नाही. प्रत्येक यंत्राची एक मर्यादा असते आणि त्याखालचं प्रमाण त्याला दिसत नाही. म्हणून वहीत ‘शून्य’ न लिहिता ‘मर्यादेखाली’ असं लिहायचं. जुनी कागदपत्रं वाचतानाही हा नियम कामाला येतो. कसा, ते आज एका मराठी कलाकृतीवरून पाहू.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ ‘रंगायन’ने 1967 मध्ये रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक होते अरविंद देशपांडे, आणि लीला बेणारे होत्या सुलभा देशपांडे. 1971 मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर सिनेमा केला. त्यातही बेणारे त्यांनीच साकारली. कॅमेरा गोविंद निहलानींचा होता आणि अमोल पालेकर, अमरीश पुरी हेही त्यात होते.

गोष्ट थोडक्यात अशी. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला एका गावात येते. वेळ घालवायला म्हणून ते एक खोटा खटला भरवतात आणि त्यात शिक्षिका असलेल्या, अविवाहित बेणारेबाईंना आरोपी करतात. आरोप भ्रूणहत्येचा, कलम 302 खाली. खेळ म्हणून सुरू झालेलं हे प्रकरण हळूहळू बाईंच्या खऱ्या आयुष्यात शिरतं. त्या गरोदर आहेत, आणि मुलाचे वडील प्राध्यापक दामले गैरहजर आहेत.

आता कागद तपासू. भारतीय दंडविधानातलं कलम 302 खुनाच्या शिक्षेचं होतं. गर्भपाताचे गुन्हे 312 ते 316 या कलमांत होते. म्हणजे आरोपच चुकीच्या कलमाखाली लावलेला. सुखात्मे वकील दोन्ही बाजूंचे वकील होतात, म्हणजे तुलनेला दुसरी स्वतंत्र बाजूच उरत नाही. सामंत या गावच्या माणसाला ऐन वेळी साक्षीदार केलं जातं आणि तो हातातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष देतो. साक्ष बनावट असते, पण नेमकी खऱ्याच्या जवळ जाते. आम्ही सावर्ड्यासारख्या गावांत राहणारे लोक या सामंतला चांगले ओळखतो. शहरातून आलेल्या पाहुण्यांना नाही म्हणायचं त्याच्या जिवावर येतं.

या चुका पाहून ‘नाटककाराला कायदा माहीत नव्हता’ असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. विद्यार्थी इथे हमखास फसतात. हे कोर्ट हौशी लोकांचं आहे. त्यामुळे 1960 च्या दशकात कायदा काय होता, याचा पुरावा म्हणून ते उपयोगाचं नाही. कायद्याचे शब्द तोंडात आले की सभ्य, मध्यमवर्गीय माणसं शेजारच्या बाईवर काय काय लादू शकतात, याचा तो पुरावा आहे. एकच साधन एका प्रश्नाला निरुपयोगी आणि दुसऱ्या प्रश्नाला अनमोल असू शकतं. म्हणून साधन हातात घेण्याआधी प्रश्न पक्का करा.

निकाल पाहा. ज्या बाईवर भ्रूणहत्येचा आरोप, तिच्याच पोटातला गर्भ नष्ट करावा, असा निकाल न्यायाधीश काशीकर देतात. तिला मात्र मूल हवं आहे. त्या मुलाला बापाचं नाव मिळावं म्हणून तिने मंडळींतल्या पुरुषांपुढे लग्नाचा विषयही काढलेला असतो. स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात घडवणं हा कलम 313 खाली गुन्हा होता, त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. म्हणजे खऱ्या कायद्याने पाहिलं तर आरोपी ठरायला हवं होतं ते या कोर्टाने!

आता तारखा मांडू. गर्भपाताच्या कायद्याचा विचार करायला सरकारने 1964 मध्ये शांतिलाल शाह समिती नेमली. तिचा अहवाल 1966 मध्ये आला. नाटक 1967 चं. वैद्यकीय गर्भपात कायदा संसदेत मंजूर झाला 1971 मध्ये, म्हणजे सिनेमाच्या वर्षी, आणि लागू झाला 1 एप्रिल 1972 पासून. इतक्या जवळच्या तारखा दिसल्या की ‘नाटकामुळे कायदा आला’ असं लिहायचा मोह होतो. तो आवरा. समितीचं काम नाटकाच्या आधीपासून सुरू होतं. शिवाय त्या कायद्यात संततिनियमनाचं साधन निकामी ठरल्याचं कारण ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरतंच मांडलं होतं. हे शब्द बदलायला 2021 ची दुरुस्ती यावी लागली. बेणारेबाईंसारखी अविवाहित स्त्री त्या वाक्यात पन्नास वर्षं नव्हतीच. कायदा आणि नाटक, दोघांसमोर प्रश्न एकच होता: निर्णय कुणाचा? उत्तराचा वेग मात्र वेगळा.

आणि आता मूळ मुद्दा. शिक्षेआधी आरोपीला बोलायला थोडा वेळ दिला जातो. बाई गप्प राहतात. मग रंगमंचावरचे बाकी सगळे थिजतात आणि बाई बोलू लागतात, भरभरून, लहान वयातल्या फसवणुकीपासून आजवरचं सगळं. प्रेक्षक ते ऐकतात, कोर्ट ऐकत नाही. वेळ संपतो आणि कामकाज पुढे सरकतं. या कोर्टाची नोंदवही असती, तर तिथे आरोपीने काही निवेदन केलं नाही एवढंच लिहिलेलं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर नोंद ‘मर्यादेखाली’ची, आणि पुढचे लोक तिला ‘शून्य’ समजून वाचणार.

सुलभाताईंच्या अभिनयाचं महत्त्व मला इथे वाटतं. त्या स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. वर्गात रमणारी, मुलांमध्ये मोकळी होणारी बाई त्यांना बाहेरून शोधावी लागली नसावी. म्हणून आधीची हसरी बेणारे आणि नंतर कोंडीत सापडलेली बेणारे या दोघी एकच बाई वाटतात.

तुलनेसाठी फ्रान्सचा ‘सांतोमेर’ हा 2022 चा सिनेमा पाहा. दिग्दर्शिका आलिस दियोप या एका आईवरच्या बालहत्येच्या खऱ्या खटल्याला 2016 मध्ये हजर होत्या आणि त्यावरून त्यांनी हा सिनेमा केला. गुसलाजी मलांदा यांनी साकारलेली आरोपी कठड्यात जवळपास न हलता उभी राहून दीर्घ उत्तरं देते. तिथे सगळं नोंदलं जातं, तरी ‘का केलंस?’ याचं उत्तर हाती लागत नाही, आणि सिनेमा निकालही दाखवत नाही. आपल्याकडे निकाल आहे, पण जबाब नाही. म्हणजे नोंद कोरी असली तरी अपुरी, आणि भरलेली असली तरी अपुरी.

तुमच्या विषयात एखाद्या अहवालात, खटल्यात किंवा जनगणनेच्या तक्त्यात कुणी गप्प दिसलं, की तीन गोष्टी तपासा. बोलायला किती वेळ दिला होता? प्रश्न कोण विचारत होतं? आणि ज्याला बोलवायलाच हवं होतं, तो दामले कुठे होता? उत्तरं मिळाली नाहीत तर ते तसंच लिहा, पण त्या जागी शून्य भरू नका.