पिसांचा चेंडू आणि विष्णूची मूर्ती

गोल्फ हा आपल्याकडे साहेबाचा खेळ. त्यातला चेंडू कोणता घ्यावा, असा प्रश्न चकलीचा तुकडा मोडता मोडता कोणी विचारील, हे संभवत नाही. पण या चेंडूच्या कुळकथेत प्रत्यक्ष विष्णू डोकावून गेला आहे, तेव्हा वाचकांनी थोडी उसंत काढावी.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज हे या खेळाचे क्षेत्र. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चेंडू पिसांचा असे. चामड्याचे तुकडे शिवून एक पिशवी करायची. उंच टोपभर पिसे उकडून मऊ करायची आणि लोखंडी सळईने त्या इवल्याशा पिशवीत ठासून भरायची. वाळताना चामडे आकसे, पिसे फुगत, आणि चेंडू दगडासारखा टणक होई. पिसांची धूळ कारागिराच्या छातीत जाई ती वेगळीच. ॲलन रॉबर्टसन या नामांकित खेळाडूच्या कारखान्यात (कारखाना कसला, स्वयंपाकघरच ते!) १८४४ साली असे २,४५६ चेंडू झाले.

एका चेंडूला अडीच शिलिंग किंवा त्याहून जास्त पडत. पावसात तो भिजून जड होई, शिवण कुजे. आणि लोखंडी काठीचा एक फटका चुकीचा बसला की चामडे फाटून पिसे बाहेर. म्हणजे ज्याचा हात बसलेला नाही, त्यालाच सर्वांत जास्त खर्च! नवशिक्याने शिकावे तरी कसे?

इथे विष्णू येतो. सेंट अँड्र्यूजच्या पॅटर्सन नावाच्या घरी हिंदुस्थानातून विष्णूची मूर्ती पेटीतून आली आणि ती फुटू नये म्हणून भोवती गटापर्चा, म्हणजे मलायातील एका झाडाचा चीक, भरलेला होता. घरातल्या मुलाने तो ऊन करून त्याचा चेंडू वळला, असे सांगतात. कथा खरी की रचलेली, यावर मी पैज लावणार नाही. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू मैदानावर आला, एवढे खरे. किंमत शिलिंगभर, आणि चेंडू बिघडला तर गरम पाण्यात टाकून पुन्हा वळावा.

गंमत पुढेच आहे. नवा गुळगुळीत चेंडू हवेत थोडा जाऊन बदकासारखा खाली बुडे. ओरखडे पडलेला जुना मात्र सरळ उडे. मग लोक नव्या चेंडूवर मुद्दाम हातोडीने खाचा पाडू लागले. आजच्या चेंडूवरच्या खळग्यांचा उगम तो.

रॉबर्टसनच्या पोटावर मात्र पाय आला. गटापर्चाचे चेंडू विकत घेऊन तो जाळी, असे म्हणतात. त्याचा हाताखालचा टॉम मॉरिस एकदा तोच चेंडू खेळताना सापडला. दोघांत बेबनाव झाला आणि १८५१ साली मॉरिस प्रेस्टविकला गेला. पुढे रॉबर्टसननेही हट्ट सोडला. १८५८ साली सेंट अँड्र्यूजची फेरी त्याने ७९ फटक्यांत पुरी केली. ऐंशीच्या आत येणारा तो पहिला, आणि चेंडू? गटापर्चाचा!

आज वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी नको, एवढे नियम सांगतात; बाकी दुकानदार सांगतो. हात सुधारत असलेल्या खेळाडूने प्रथम कठीण वेष्टनाचा, स्वस्त चेंडू घ्यावा. तो टिकतो, आणि हरवला तरी झोप उडत नाही. भोकाजवळचे आखूड फटके मनाजोगे पडू लागले, की मग युरेथेनच्या मऊ वेष्टनाचा महाग चेंडू. हिरवळीवर लवकर थांबण्याचा त्याचा गुण तेव्हा कामास येतो. मात्र रोज नवा चेंडू, हा धरसोडपणा नको.

१९०२ साली सँडी हर्डने हॉयलेकच्या खुल्या स्पर्धेत रबराच्या दोऱ्यांचा अमेरिकन हॅस्केल चेंडू घेतला. गटापर्चावरच विसंबलेल्या व्हार्डन आणि ब्रेड यांना त्याने एका फटक्याने मागे टाकले. बहात्तरही भोके तो एकाच चेंडूने खेळला, आणि शेवटी त्या चेंडूच्या फाटक्या सालीतून रबराचा दोरा बाहेर डोकावत होता म्हणतात.