अपंगत्व-लाभ आणि करथकबाकीची जप्ती : अमेरिका

बँकेचे किंवा रुग्णालयाचे देणे थकले, तरी अमेरिकेत त्या धनकोला सोशल सिक्युरिटीच्या रकमेला हात लावता येत नाही. सोशल सिक्युरिटी कायद्याच्या २०७व्या कलमाने ती जप्तीबाहेर ठेवली आहे. थकबाकी केंद्रीय करांची असली की हे कवच निकामी होते. महसूल संहितेचे ६३३४वे कलम जप्तीतून सुटणाऱ्या मालमत्तेची यादी देते आणि यादीत नाही ते सुटत नाही, मग इतर कायदे काहीही म्हणोत, असे बजावते. गरिबीच्या निकषावर मिळणारा एसएसआय हा लाभ यादीत आहे. नोकरीतल्या वर्गणीवर उभा असलेला एसएसडीआय हा अपंगत्व-लाभ नाही. १९९७च्या कायद्याने तर सरकारी देयकांतून १५ टक्क्यांपर्यंत सलग कपातीची सोय केली. नाव मात्र करदाता-दिलासा कायदा!

ऑक्टोबर २०१५पासून आयआरएस हे केंद्रीय करखाते संगणकाद्वारे होणारी ही कपात एसएसडीआयवर लावत नाही. पण ही खात्याची कार्यपद्धती आहे, कायद्याने दिलेला हक्क नव्हे, आणि खरी उणीव इथेच आहे. अधिकाऱ्याने स्वतः काढलेली जप्ती आजही शक्य आहे व तिला १५ टक्क्यांची मर्यादा नाही. एसएसडीआयसाठी मालमत्तेची अट नसते, मग सधन थकबाकीदाराला अभय का, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. मात्र त्यावरून प्रत्येकाची ऐपत आधी तपासावी एवढेच निघते. आज उलटे आहे. जप्तीची अंतिम नोटीस आल्यावर ३० दिवसांत सुनावणी मागायची आणि आर्थिक हलाखीचे पुरावे जोडायचे, हे सारे थकबाकीदारानेच करायचे. आणि किमान वर्षभर टिकेल किंवा मृत्यूतच संपेल अशा विकाराने काम करता येत नाही, हे आधी सिद्ध झाल्याखेरीज त्याला हा लाभच मिळालेला नसतो. विवरणपत्रे न भरणाऱ्याला सवलत कशाला, हा दुसरा आक्षेप कर न्यायालयाने २००९मध्येच फेटाळला : हलाखी मान्य झाल्यावर केवळ विवरणपत्रे बाकी आहेत म्हणून जप्ती पुढे रेटता येत नाही. जप्ती थांबली म्हणजे कर माफ झाला, असेही नाही. व्याज चढत राहते, परतावा निघाल्यास तो वळता होतो आणि करआकारणीपासून साधारणपणे १० वर्षे खात्याचा दावा जिवंत असतो.