साल्पेत्रिएर : कोंडवाड्याची शाळा होताना

पॅरिसच्या आग्नेय भागात ऑस्टरलिट्झ रेल्वे स्थानकाला लागून पितिए-साल्पेत्रिएर हे अवाढव्य सरकारी रुग्णालय उभे आहे. नावातला ‘साल्पेत्र’ म्हणजे सोरा, बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे दारूगोळ्याची कोठी होती. 1656 साली चौदाव्या लुईने फर्मान काढून पॅरिसमधील भिकाऱ्यांना आणि निराधारांना एका व्यवस्थेखाली ठेवण्याचे ठरवले. या व्यवस्थेचे नाव ‘सामान्य रुग्णालय’ असे होते, पण रोग बरा करणे हा तिचा हेतू नव्हता. शहराचे रस्ते मोकळे करायचे आणि गरिबांना शिस्त, काम व धर्म शिकवायचा, हा होता. पुरुषांसाठी बिसेत्र आणि स्त्रियांसाठी साल्पेत्रिएर, अशी वाटणी झाली.

येथे कोण येत असे? म्हाताऱ्या, आंधळ्या, अपंग, फेफरे येणाऱ्या, वेड लागलेल्या, अनाथ मुली. 1684मध्ये आवारात तुरुंगही आला आणि शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांना तेथे डांबले जाऊ लागले. अठराव्या शतकाच्या आरंभी यांतल्या काहींना बोटीत घालून अमेरिकेतील लुइझियाना वसाहतीत पाठवण्यात आले. आतली बाई खरोखर आजारी पडली, तर तिला शहराच्या जुन्या ओतेल-दिय रुग्णालयात न्यावे लागे. आवाराच्या मध्यभागी लिबेराल ब्रुआँ या वास्तुकाराचे भव्य चर्च आजही आहे. वेगवेगळ्या वर्गांतल्या स्त्रियांना एकमेकींत न मिसळता प्रार्थनेला बसता यावे, अशी त्याची रचना आहे. या संस्थेचा मूळ स्वभाव त्या इमारतीतून नेमका कळतो.

फ्रेंच राज्यक्रांतीने हा कोंडवाडा एका दिवसात मोडला नाही. उलट सप्टेंबर 1792च्या हत्याकांडात जमावाने येथल्या 35च्या आसपास स्त्रिया मारल्या. पुढे 1795मध्ये फिलिप पिनेल हा डॉक्टर येथे आला. त्याने वेड्यांच्या बेड्या तोडल्या, ही कथा चित्रांनी अजरामर केली. 1876चे तोनी रोबेर-फ्लरीचे चित्र त्यांत सर्वांत प्रसिद्ध. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. बिसेत्रमध्ये बेड्या काढण्याचे काम 1797मध्ये झाँ-बाप्तिस्त प्यूसाँ या देखरेख्याने केले. तो मूळचा चामडे कमावणारा. स्वतः रुग्ण म्हणून बिसेत्रमध्ये आला आणि तेथेच नोकरीला राहिला. वेड्यांशी कसे वागावे, हे त्याच्याकडून शिकल्याचे पिनेलने मान्य केले आणि 1802मध्ये त्याला साल्पेत्रिएरला बोलावून घेतले. पिनेलचा शिष्य एस्किरोल याने 1817मध्ये येथे मनोविकारांवर व्याख्याने सुरू केली. कोंडवाड्यात शाळा भरू लागली ती अशी.

या शाळेला जगभर नाव मिळवून दिले ते झाँ-मार्तँ शार्को याने. 1862मध्ये तो येथे प्रमुख वैद्य झाला, तेव्हा आवारात सुमारे 5,000 स्त्रिया होत्या. महत्त्वाकांक्षी डॉक्टर अशा जागी फारसे रमत नसत. शार्कोला मात्र येथे जणू जिवंत संग्रहालय दिसले. त्याची पद्धत सरळ होती : रुग्णाची लक्षणे वर्षानुवर्षे बारकाईने नोंदवायची आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन करून मेंदूत व मज्जारज्जूत नेमके काय बिघडले होते ते पाहायचे. मल्टिपल स्क्लेरोसिसचे सविस्तर वर्णन, स्नायू झिजवत नेणाऱ्या ए.एल.एस. या रोगाची ओळख, कंपवाताला पार्किन्सनचे नाव, हे सारे या पद्धतीचे फळ. 1882मध्ये त्याच्यासाठी मज्जासंस्थेच्या रोगांचे स्वतंत्र अध्यासन निर्माण झाले.

ही पद्धत अन्यत्र इतकी यशस्वी का झाली नसती, हा प्रश्न विचारायला हवा. त्या काळी ऐपत असलेल्या माणसाला डॉक्टर घरी येऊन तपासत. सार्वजनिक रुग्णालय गरिबांसाठीच होते. साल्पेत्रिएरमध्ये आलेली बाई बहुधा मरेपर्यंत तेथेच राही आणि तिचा देह मागायला सहसा कोणी येत नसे. त्यामुळे लक्षणापासून शवापर्यंतची साखळी येथे तुटत नसे. फ्रॉइडने 1893मध्ये शार्कोवर लिहिलेल्या मृत्युलेखात एक आठवण दिली आहे. हात विचित्र थरथरणाऱ्या एका बाईला शार्कोने घरी मोलकरीण म्हणून ठेवले. तिने कितीतरी बश्या फोडल्या, तरी त्याने तिला काढले नाही. ती मरण पावल्यावर त्याला आपले निदान सिद्ध करता आले. ही गोष्ट गुरूची चिकाटी दाखवण्यासाठी सांगितलेली आहे. आज वाचताना आपले लक्ष त्या मोलकरणीकडे जाते.

फ्रॉइड स्वतः ऑक्टोबर 1885 ते फेब्रुवारी 1886 या काळात येथे शिकला. तेव्हा शार्कोच्या व्याख्यानांचा विषय होता हिस्टेरिया. भरल्या सभागृहात स्त्रियांना संमोहित करून झटके दाखवले जात. त्यांची छायाचित्रे ग्रंथरूपाने छापली गेली. त्यांतली सर्वांत परिचित मुलगी ऑगस्टीन. ती 1875मध्ये कोवळ्या वयात येथे आली आणि 1880मध्ये पुरुषाचा वेश करून पळून गेली. आंद्रे ब्रुयेच्या 1887च्या चित्रात शार्कोशेजारी मूर्च्छित दिसते ती ब्लांश विटमान. शार्कोच्या मृत्यूनंतर ती याच रुग्णालयात नोकरी करू लागली, आधी छायाचित्र विभागात, मग क्ष-किरण विभागात. चित्रात तिला सावरून धरणारा शिष्य बाबिन्स्की याने पुढे गुरूचा हिस्टेरियाचा सिद्धान्त मोडीत काढला. रोग्याला सुचवले की लक्षण दिसते, असे त्याचे म्हणणे. तळपायावर ओरखडा काढून अंगठा कुठे वळतो ते पाहण्याची त्याची 1896ची चाचणी मात्र टिकली. मुंबई-पुण्यातील वैद्यकीय विद्यार्थी आजही ती पहिल्या वॉर्डपासून शिकतात.

या काळात इतर बदलही होत होते. 1878मध्ये बूर्नव्हील या डॉक्टरच्या पुढाकाराने येथे परिचारिकांसाठी शाळा निघाली. हजारो स्त्रियांच्या या रुग्णालयात स्त्री-डॉक्टर मात्र नव्हत्या. पॅरिसच्या रुग्णालयांत ‘इंटर्न’ची स्पर्धा स्त्रियांना 1885मध्ये खुली झाली. ती जिंकणारी पहिली स्त्री ऑगस्टा क्लुम्पके पुढे साल्पेत्रिएरमध्ये नामवंत मज्जातज्ज्ञ झाली.

विसाव्या शतकात रुग्णालयाचा पायाच बदलला. 1911मध्ये जुने पितिए रुग्णालय शेजारी आले आणि 1964मध्ये दोन्ही एक झाली. 1941च्या कायद्याने सार्वजनिक रुग्णालये सर्व थरांतल्या लोकांना खुली झाली. डिसेंबर 1958मध्ये बालरोगतज्ज्ञ रोबेर देब्रे यांच्या सुधारणेने रुग्णालय आणि विद्यापीठ एकत्र जोडले गेले. उपचार, अध्यापन आणि संशोधन ही तिन्ही कामे एकाच पूर्णवेळ डॉक्टरने करावीत, असे ठरले. एप्रिल 1968मध्ये क्रिस्तियाँ काब्रोल यांनी युरोपातले पहिले हृदयप्रत्यारोपण येथे केले. जानेवारी 1983मध्ये येथल्या एका रुग्णाच्या लसीका ग्रंथीचा तुकडा पाश्चर संस्थेकडे गेला आणि त्यातून एड्सचा विषाणू सापडला.

त्याच रोगाने 25 जून 1984 रोजी साल्पेत्रिएरमध्ये एक तत्त्वज्ञ मरण पावला : मिशेल फुको. 1656च्या फर्मानाला ‘महाबंदिवासा’ची सुरुवात मानून वेडाचा इतिहास लिहिणारा हाच. त्याचा जोडीदार दानिएल देफेर याने त्याच वर्षी एड्सग्रस्तांची ‘एद’ ही संघटना उभी केली. आपल्याला काय झाले आहे, हे जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे, ही मागणी अशा संघटनांनी लावून धरली. 4 मार्च 2002च्या कायद्याने ती फ्रान्समध्ये मान्य झाली. शिकवण्यासाठी रुग्णाची तपासणी करायची असेल, तर त्याची आधी संमती हवी, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

सार्वजनिक शिक्षण-रुग्णालयाचा गौरव करताना आपण डॉक्टरांची नावे घेतो. रोगांना, चाचण्यांना, इमारतींना तीच नावे असतात. साल्पेत्रिएरच्या इतिहासात दुसरी बाजूही तितकीच ठळक आहे. नकार देण्याची सोय नसलेल्या स्त्रियांनी तेथे दोन शतके वैद्यकाला शिकवले. त्यांच्यानंतर येणाऱ्या रुग्णाला ‘नाही’ म्हणता यावे, यासाठी फर्मानापासून कायद्यापर्यंत 346 वर्षे जावी लागली.